पित्ताशयाचे खोलीभाडे

मनुष्याच्या संभाव्य आजारपणाची प्रतवारी धातूंच्या नावांनी करावी ही कल्पना प्रथम कोणाच्या मस्तकात उद्भवली, याचा शोध घेण्याच्या भरीस मी पडणार नाही. परंतु ज्या गृहस्थाला आजन्म स्टेनलेस स्टीलखेरीज अन्य धातूचा निकट सहवास घडलेला नाही, त्याच्यापुढे एके दिवशी सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा तीन आरोग्यविमा योजना मांडून ‘यांतली आपल्याला कोणती?’ असे विचारले जाते, तेव्हा ती विचारपूस त्याच्या प्रकृतीपेक्षा त्याच्या प्रतिष्ठेचीच अधिक असते, एवढे मात्र मी खात्रीपूर्वक सांगू शकतो. सिल्व्हर म्हणावे तर समोर सौभाग्यवती बसलेल्या असतात आणि प्लॅटिनम म्हणावे तर समोर हप्त्याचा आकडा असतो. सबब बहुसंख्य मध्यमवर्गीय माणसे घसा खाकरून गोल्ड म्हणतात, आणि आपण सर्व बाजूंचा साधकबाधक विचार करून हा निर्णय घेतला अशी स्वतःची समजूत घालून चहा मागवतात.

अमेरिकेत हा धातूंचा कारभार निदान कायद्याने बांधलेला आहे. 2010 साली तिथे संमत झालेल्या आरोग्यविषयक कायद्यान्वये जो विमाबाजार उभा राहिला, त्यात ब्राँझ योजनेने उपचारखर्चाचा सरासरीने 60 टक्के भार उचलावा, सिल्व्हरने 70, गोल्डने 80 आणि प्लॅटिनमने 90, असा हिशेब ठरवून दिलेला आहे, आणि धातू बदलला म्हणून शल्यक्रियेची गुणवत्ता बदलत नाही, बदलतो तो केवळ बिलातला रुग्णाचा वाटा, हेही तिथे जाहीरपणे सांगितले जाते. न्यू जर्सीत स्वतंत्र व्यवसाय करणारा माझा एक भाचा दर नोव्हेंबरात नोंदणीचा हंगाम सुरू झाला की ब्राँझ घेतो आणि त्याच आठवड्यापासून पहाटे धावायला लागतो; हा त्या कायद्याचा अलिखित लाभ म्हणावा लागेल. आपल्याकडे मात्र धातू ही कंपनीच्या मर्जीची बाब आहे. सौभाग्यवतींच्या हातातल्या पाटल्यांवर हॉलमार्कचा शिक्का असल्यावाचून सराफाला त्या विकता येत नाहीत, आणि लाखो रुपयांची हमी देणाऱ्या गोल्ड योजनेतले सोने किती कॅरटचे, हे ठरविणारी कसोटी मात्र या देशात कोणी बसविलेली नाही. एका कंपनीचे गोल्ड दुसरीच्या सिल्व्हरपुढे खुशाल फिके पडावे, आणि ते पडले हे इस्पितळातून घरी सोडण्याच्या दिवशी कळावे.

पूर्वी असे नव्हते. 1986 साली जनरल इन्शुअरन्स कॉर्पोरेशनच्या चार सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ या नावाने जी योजना आणली तिला धातू नव्हता, आणि ते नाव लोकांच्या तोंडी असे काही बसले की आज कोणत्याही कंपनीची कसलीही पॉलिसी असो, इस्पितळाच्या खिडकीवरचा कारकून विचारतो तो ‘मेडिक्लेम आहे का?’ असेच. आमच्या शेजारी नाना म्हणून एक गृहस्थ राहतात. कोषागारात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले असून, दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करून पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांच्यापाशी त्या जुन्या योजनेचा दस्तऐवज अद्याप जपून ठेवलेला आहे. विमा, मृत्युपत्र, सोसायटीचे उपविधी यांपैकी कशाचाही मसुदा आमच्या वाड्यात आला की तो आधी नानांच्या नजरेखालून जातो. म्हणून आमच्या घरी विमासल्लागार यायचे ठरले त्या रविवारी नाना बोलावण्याची वाट न पाहता, पेन्सिल कानावर अडकवून, अर्धा तास आधी येऊन बसले होते.

सल्लागार हा एक अत्यंत विनयशील तरुण होता. मला ‘सर’, सौभाग्यवतींना ‘मॅडम’ आणि आमच्या मातोश्रींना ‘आजी’ असे संबोधून त्याने आपला टॅब टेबलावर उभा केला आणि त्यावर एक तुलनात्मक तक्ता झळकविला. तीन धातूंचे तीन स्तंभ, डाव्या हाताला लाभांची यादी, आणि प्रत्येक चौकोनात एक तर हिरवी बरोबरची खूण किंवा तांबडी फुली. या तक्त्यांच्या रचनेत एक शास्त्र असते हे सूक्ष्म निरीक्षणाअंती माझ्या ध्यानात आले आहे: सिल्व्हरच्या स्तंभाचे काम विकले जाणे हे नसून गोल्डच्या ग्राहकाला हायसे वाटायला लावणे हे असते, आणि प्लॅटिनमचा स्तंभ गोल्डचा हप्ता माफक दिसावा एवढ्याचसाठी पदरी बाळगलेला असतो.

हवाई रुग्णवाहिकेपुढे केवळ प्लॅटिनमच्या स्तंभात हिरवी खूण होती. आमचा वाडा ज्या बोळात आहे त्यात शिरलेली रिक्षा वळत नाही, ती तोंड तसेच ठेवून मागे मागे न्यावी लागते, ही वस्तुस्थिती सौभाग्यवतींनी त्या तरुणाच्या निदर्शनास आणून दिली आणि विमान नेमके कोठे उतरेल अशी पृच्छा केली. त्यावर त्याने, मॅडम, ते विमानतळावरच उतरेल, असा प्रांजळ खुलासा केला. प्रसूतिखर्चाची ओळ आली तेव्हा मातोश्रींनी चष्मा चढवून ती मोठ्याने वाचली, घरातल्या माणसांकडे आळीपाळीने पाहिले, आणि ‘हे कुणासाठी?’ असे विचारले. त्या प्रश्नाने आमचे पंचविशीचे चिरंजीव जे उठून आत गेले ते तंबाखूच्या कलमापर्यंत बाहेर आलेच नाहीत.

परंतु त्या तक्त्यातली सर्वांत तत्त्वज्ञानपूर्ण बाब म्हणजे ‘रिस्टोरेशन’. विम्याची रक्कम एका आजारात खर्ची पडली तर कंपनी त्याच वर्षात ती पुन्हा भरून देते, असे ऐकून मला कंपनीच्या औदार्याचा गहिवर आला; तथापि नानांनी खालची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा खालच्या प्रतीत ही भरून आलेली रक्कम पहिल्याशी संबंध नसलेल्या आजारासाठीच वापरता येते आणि वरच्या प्रतीत तिला त्याच आजाराचेही वावडे नसते, असा भेद निघाला. म्हणजे हृदयविकारात सारी रक्कम संपवून बसलेल्या गृहस्थाने सिल्व्हर घेतलेले असेल तर त्याने वर्षअखेरपर्यंत हृदयाकडे दुर्लक्ष करून मूत्रपिंडादी अन्य इंद्रियांची उपेक्षा होणार नाही याची दक्षता घ्यावी. आणि एकनिष्ठपणे एकाच इंद्रियाने आजारी पडण्याची चैन हवी असेल त्याने जास्त हप्ता मोजावा.

एवढा वेळ नाना काही बोलले नव्हते. त्यांनी टॅबकडे बोट करून एकच प्रश्न विचारला: ‘खोलीभाडं कुठं लिहिलंय?’

येथे वाचकांनी किंचित सावरून बसावे, कारण या सबंध व्यवहाराचे मर्म औषधात नाही, शल्यक्रियेत नाही, धातूत तर मुळीच नाही; ते खोलीत आहे. आपल्या खाजगी इस्पितळांत जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स अशी खोल्यांची उतरंड असते, आणि रुग्ण ज्या पायरीवर झोपेल त्या पायरीनुसार केवळ खोलीचेच नव्हे तर शल्यविशारदाचे, भूलतज्ज्ञाचे, शस्त्रक्रियागृहाचे आणि दिवसातून एकदा दारातून डोकावून ‘काय म्हणताय?’ असे विचारणाऱ्या डॉक्टरांचेही दर चढत जातात. पित्ताशय तेच, त्यातले खडे तेच, दुर्बिणीतून काढण्याची रीत तीच. परंतु ते पित्ताशय ज्याच्या उदरात आहे तो मनुष्य पडदे असलेल्या खोलीत निजला की ते अधिक मोलाचे ठरते. मानवी देहाच्या मूल्याविषयी आपल्या दर्शनकारांनी विपुल चिंतन केले आहे, पण त्याचा खोलीच्या क्षेत्रफळाशी असलेला संबंध त्यांच्यापैकी कोणालाही उमगला नाही, हे नमूद करणे भाग आहे.

विमा कंपन्यांना मात्र तो पुरता उमगला. नानांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडलेला हिशेब मी जसाच्या तसा देतो. समजा विम्याची रक्कम 5 लाख आहे आणि योजनेत खोलीभाड्याला दररोज एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये, एवढी मर्यादा आहे. रुग्णाने 8,000 रुपयांची खोली घेतली आणि चार दिवस मुक्काम केला. सामान्य बुद्धीचा मनुष्य म्हणेल, दिवसाचे वरचे 3,000 आपल्या अंगावर, चार दिवसांचे 12,000, बायकोच्या झोपेची सोय झाली, हरकत नाही. कंपनी असे म्हणत नाही. कंपनी म्हणते, तुम्हांला आठाच्या जागी पाचाचा अधिकार होता, म्हणून खोलीशी निगडित असलेल्या यच्चयावत खर्चाचे आम्ही आठातले पाच भाग देऊ. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा हे सारे मिळून 1,60,000 झाले असतील तर त्यांतले 1,00,000 मंजूर आणि 60,000 नामंजूर. त्यांत ते 12,000 मिळवा. एकूण 72,000 रुपये रुग्णाने खिडकीवर भरावे आणि मग अंगात कपडे चढवावे. औषधे, शरीरात बसविलेली उपकरणे आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, अतिदक्षता विभागालाही नाही, आणि जे इस्पितळ खोलीपरत्वे दर बदलतच नाही तिथे ती मुळीच चालविता येत नाही, अशी सवलत नियामकांनी 2020 साली करून ठेवली आहे, हेही नानांनी न्यायबुद्धीने सांगितले. या कात्रीचे नाव ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. ते उच्चारताना नानांचा चेहरा असा काही उजळला की तो हिशेब शोधून काढणारा कोणी कोषागारातूनच निवृत्त झालेला असावा अशी मला शंका आली.

टॅबवरच्या तक्त्यात ही बाब ‘रूम रेंट’ या दोन शब्दांत उरकलेली होती. सिल्व्हरपुढे ‘एक टक्का’, गोल्डपुढे ‘सिंगल प्रायव्हेट रूम’, प्लॅटिनमपुढे ‘एनी रूम’. हवाई रुग्णवाहिकेला मात्र विमानाच्या चित्रासह सबंध ओळ दिलेली होती.

‘मग आरोग्य संजीवनीच घ्या की,’ असे मातोश्री मध्येच म्हणाल्या, कारण ते नाव त्यांना आवडले होते. 1 एप्रिल 2020 पासून सर्व कंपन्यांना विकणे सक्तीची झालेली ही प्रमाणित योजना आहे, आणि कंपनी कोणतीही असो, अटी अक्षरशः त्याच: खोलीभाडे विम्याच्या रकमेच्या दोन टक्के पण 5,000 च्या आत, अतिदक्षता विभागाला पाच टक्के पण 10,000 च्या आत, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे फार तर 40,000, आणि प्रत्येक दाव्यात पाच टक्के रुग्णाच्या पदरचे. तुलनेचा हा सारा खटाटोपच जिच्यामुळे संपुष्टात यावा अशी ही योजना; आणि ती कोणी आपण होऊन सुचवीत नाही याचे कारण माझ्या मते तिच्या अटींत नसून तिला धातू नाही यातच आहे. चारचौघांत ‘आम्ही गोल्ड घेतलं’ असे सांगता येते. ‘आम्ही प्रमाणित घेतलं’ असे म्हणणाऱ्याकडे लोक सहानुभूतीने पाहतात. मातोश्रींना स्वतःला यातले काहीच नको होते, कारण 2024 च्या ऑक्टोबरापासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता 5 लाखांपर्यंतचे उपचार देणारे आयुष्मानचे कार्ड त्यांनी देवळातल्या शिबिरात जाऊन केव्हाच काढले होते. ते शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवलेले असून, तूर्त आमच्या घरात आजारी पडण्याचा निर्वेध अधिकार त्या एकट्यांनाच आहे, आणि त्याची जाणीव त्यांच्या बोलण्यात हल्ली दिसते.

यानंतर तो तरुण प्रस्तावपत्राकडे वळला. एकाच छपराखाली तीस वर्षे नांदलेली माणसे परस्परांच्या प्रकृतीविषयी किती अज्ञानात असतात हे जाणून घ्यायचे असेल तर त्यांच्याकडून हे प्रस्तावपत्र एकत्र बसून भरून घ्यावे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, चालू असलेल्या गोळ्या अशी कलमे एकेक करून पुढे आली आणि प्रत्येक कलमासरशी कोणीतरी कोणाकडे तरी ‘हे मला कधी बोलला नाहीत’ अशा नजरेने पाहिले. धूम्रपान व तंबाखू यांच्या कलमाशी तो तरुण आला तेव्हा चिरंजीव बाहेर येऊन बसले होते. आजीसमोर विचारलेल्या त्या प्रश्नाला त्यांनी, ‘माझं मी नंतर ऑनलाइन भरतो,’ असे जे उत्तर दिले त्याने कंपनीचे झाले असले तरी आजीचे समाधान झाले नाही. नानांनी बजावले, ‘जे आहे ते लिहा. आधीच्या आजाराला फार तर छत्तीस महिने थांबायला लावतील, त्याहून जास्त लावता येत नाही. पण लपवलंत आणि त्यांना सापडलं, तर ते हप्ते ठेवतील आणि तुम्हांला काढतील. साठ महिने सलग भरले की मग त्यांना मागचं उकरता येत नाही, पण लबाडी केलेल्याला तेही संरक्षण नाही.’ नियम सांगताना नाना न्यायाधीशासारखे बसतात.

विम्यातून खर्च न मिळणाऱ्या वस्तूंची जी यादी दस्तऐवजाच्या अखेरीस जोडलेली असते तिच्यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथे तिला ओझरता स्पर्श करतो. अडुसष्ट वस्तू आहेत. त्यांत हातमोजे आहेत, मुखपट्टी आहे, थर्मामीटर आहे, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणीचा आकार आहे, बाळाचे अन्न आहे, पिशवी आहे, आणि कागदपत्रांच्या छायाप्रतींचा खर्चही आहे. ज्या छायाप्रती स्वतः कंपनीच दाव्यासोबत मागते त्यांचा खर्च कंपनीने न द्यावा यात मला एक प्रकारची तार्किक शुचिता दिसते. शल्यविशारदाला हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करण्यास राजी करता आले तर रुग्णाची बरीच बचत होईल.

सल्लागार निघून गेल्यावर नानांनी आपला निकाल दिला. धातू विसरायचा, आपण आजारी पडलो तर कोणत्या इस्पितळात जाऊ ते आधी ठरवायचे, तिथे कोणत्या खोलीत राहू ते ठरवायचे, त्या खोलीचा दर विचारून यायचा, आणि मग तो दर जिच्यात निःशंकपणे मावेल ती योजना घ्यायची. हा क्रम इतका बिनचूक होता की आजवर कोणी तो का पाळला नसेल याचे मला नवल वाटले. दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीपुढे उभे राहिल्यावर ते वाटेनासे झाले.

‘पेशंटचं नाव?’ खिडकीतल्या मुलीने विचारले.

‘पेशंट अजून ठरायचाय,’ नाना म्हणाले.

‘मग चौकशी कसली आहे?’

‘पित्ताशयाची. खोलीनिहाय दर हवेत.’

मुलीने आम्हां दोघांच्या पोटांकडे पाहिले, बहुधा त्यांतले कोणते असावे याचा अदमास घेतला, आणि म्हणाली, ‘मेडिक्लेम आहे?’

‘तुमचे दर कळले की कोणता घ्यायचा ते ठरवू.’

‘मेडिक्लेम कोणता ते कळल्याशिवाय पॅकेज सांगता येत नाही, काका.’

या ठिकाणी दोन्ही पक्ष काही काळ स्तब्ध राहिले. उभयतांचे म्हणणे आपापल्या जागी निर्विवाद होते. मागे रांग वाढू लागली तेव्हा त्या मुलीने, काहीशा दयाबुद्धीने, एका चिठ्ठीवर चार आकडे लिहून दिले. नानांनी ते तिथेच, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून तपासले. डिलक्समधल्या शस्त्रक्रियेचा आकार जनरलच्या जवळजवळ दुप्पट होता.

‘डिलक्समध्ये पित्ताशयं दोन काढता का?’

‘नाही काका. डिलक्समध्ये नातेवाइकांना सोफा मिळतो.’

शेवटी जी योजना घेतली ती सिल्व्हरही नाही आणि गोल्डही नाही. तिचे नाव दोन इंग्रजी शब्दांचे असून ते घरात कोणाच्याही लक्षात राहिलेले नाही. परंतु तिच्यात सिंगल खोलीच्या भाड्याला रुपयांची मर्यादा नाही, विम्याची रक्कम 10 लाख आहे, विमान नाही आणि प्रसूती नाही. व्यक्तिगत पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून उठलेला असल्यामुळे पावतीवर त्या रकान्यात शून्य पाहून नानांनी मी ओळखतो तेव्हापासून प्रथमच सरकारविषयी एक बरा शब्द काढला. दस्तऐवज टपालाने यथावकाश आला. तो वाचून न पटल्यास परत करण्याची तीस दिवसांची मुदत असल्याचे कळताच नानांनी तो, पेन्सिलीसह, आपल्या घरी नेला. अपघात सोडून अन्य कोणत्याही आजाराचा दावा पहिले तीस दिवस करता येत नाही असेही त्याच दस्तऐवजात एक कलम निघाले. एकाच महिन्यात पॉलिसी परत करायची मुभा आहे पण आजारी पडायची नाही, ही योजना नानांना फार सोयीची वाटली. कलमे अद्याप निम्मीही वाचून व्हायची असल्यामुळे, माझ्या सोमवारच्या खोकल्याबद्दल त्यांनी जिन्यातून वर येऊन मला समज दिली आहे.